भाऊसाहेबांचा रुमाल आणि बारामतीची गाळणी

बारामतीत बियाण्यांच्या एका दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि दुपारी हमखास जाणारी वीज. खाली खताची पोती उतरली की वरच्या खोलीत वास यायचा आणि आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. लोक ईमेलला 'मेल' म्हणायला नुकतेच शिकले होते. पुण्याहून फोनच्या तारेवरून येणारी सगळी टपाल आमच्या एका मशीनवर उतरायची. त्या मशीनला आम्ही पेटी म्हणायचो. तिथून जो तो आपापल्या फोनवरून आपली पत्रं ओढून घ्यायचा. द्राक्षवाले, दोन डॉक्टर, एक वकील आणि ज्यांची मुलं आखातात गेली होती अशी पुष्कळ घरं, ही आमची गिऱ्हाइकं. पेटी नीट चालते की नाही ते पाहणं हे माझं काम.

त्या वर्षी एका पत्राला जोडून आलेल्या व्हायरसने आमच्या काही गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर झोपवले. वकिलांची तर सगळी प्रकरणं गेली. आमचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, ते दुसऱ्याच दिवशी पुण्याला गेले आणि एक प्रोग्राम घेऊन आले. पेटीत आलेलं प्रत्येक पत्र तो आधी स्वतः उघडायचा, जोडलेल्या फाइली तपासायचा आणि वावगं काही नसेल तरच पुढं सोडायचा. त्याचं लांबलचक इंग्रजी नाव कुणाच्या तोंडात बसेना. मी त्याला गाळणी म्हणायला लागले, तेच नाव पडलं.

आमची एक शाखा इंदापुरात होती. शाखा म्हणजे एसटी स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानात लाकडी फळी मारून केलेलं एक काउंटर. ते चालवायचे भाऊसाहेब. तहसील कचेरीत सगळी नोकरी काढून निवृत्त झालेले अव्वल कारकून. पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं, आणि कुठल्याही कागदाला डाव्या कोपऱ्यात भोक पाडून दोरा ओवायची सवय. खेड्यांतून आलेली माणसं पत्र सांगायची, भाऊसाहेब ते मराठीत टाइप करून पाठवायचे. उत्तर आलं की छापून वाचून दाखवायचे. काउंटरवर काचेखाली एक सूचना होती: 'पत्र थोडक्यात सांगावे. रडू नये.'

दसरा झाल्यावर तक्रारी सुरू झाल्या. मेल उशिरा येतो. सकाळी पाठवलेला मेल संध्याकाळी मिळतो, कधी दुसऱ्या दिवशी. द्राक्षवाले चिडले. डॉक्टर म्हणाले, "यापेक्षा पोस्टमन बरा, निदान चहा तरी घेतो." आणि भाऊसाहेबांचा फोन आला.

"मॅडम, टपाल कुठं हाय?"

ते रागावले की मला मॅडम म्हणायचे. एरवी मी पोरी.

"येतेय भाऊसाहेब. लाइन मंद आहे."

"लाइन मंद न्हाय, माणसं मंद हायत. हितं कळसचे तात्या सकाळधरनं बाकड्यावर बसल्यात. काल बी बसलं व्हतं. त्यांना काय सांगू? लाइनीला ताप आलाय म्हणून?"

तात्यांची हकीकत त्यांनी फोनवरच सांगितली. कळस गावात या घराची पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आता जमीन ओलिताखाली आली होती, धाकट्या मुलाला ऊस लावायचा होता. मेंढरांमागं चालायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून ती विकून टाकायची असं धाकट्याचं म्हणणं. तात्यांचा जीव त्यात. ते म्हणाले, थोरल्याला विचारल्याशिवाय एक मेंढरू हलणार नाही. थोरला आखातात वायरमन. त्याला मेल गेला. त्याने गावातल्या फोनवर निरोप ठेवला, 'उत्तर टाकलंय, वाचून घ्या,' आणि पैसे संपले म्हणून फोन कट झाला. आणि बाजाराच्या दिवशी व्यापारी ट्रक घेऊन येणार होता. कापायला नेणारा व्यापारी.

"मग धाकट्याने फोनवरच विचारायचं ना," मी म्हटलं.

फोन हातातून काढून घेतल्याचा आवाज आला. मग तात्या स्वतः बोलले. रिसीव्हर तोंडापासून लांब धरून, शेतातून हाक मारावी तसं.

"पोरी, फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं. धाकटा म्हणल, दादा विका म्हणाला. मी म्हणीन, न्हाय म्हणाला. कागुद पायजे. तुज्या त्या पेटीत माज्या पोराचं पत्र अडकलंय म्हणं. तेवढं काडून दे की."

मागून धाकट्याचा आवाज आला, "तात्या, दादा विकाच म्हणणार हाय. उगं हेलपाटं घालताय."

"मग तर कागुद यायलाच पायजे," तात्या म्हणाले आणि फोन ठेवला.

मी कॅलेंडरचं मागचं पान फाडून यादी केली. मला यादी केल्याशिवाय काम सुचत नाही. लग्नात रुखवताची यादी मी केली होती, माझ्याच लग्नात. त्यात सासूबाईंनी एक वस्तू वाढवली, ती मी शेवटी 'ऐनवेळचे विषय' म्हणून लिहिली.

फोनची लाइन पहिली. मी एक्स्चेंजला फोन केला, तिथल्या माणसाने शपथ घेऊन सांगितलं की लाइन ठीक आहे. तो नेहमीच शपथ घ्यायचा, त्यामुळे मी पुण्याला स्वतः दोनदा जोडणी करून पाहिली. टपाल व्यवस्थित उतरत होती. खोडलं. मशीनवरची जागा संपली का? नव्हती संपली. खोडलं. सर म्हणाले, "अगं, बंद करून चालू कर." बंद करून चालू केलं. तासभर मेल धावले आणि पुन्हा रखडले. सरांचा आनंद तेवढाच टिकला.

मग मी मला स्वतःलाच पत्रं पाठवायला सुरुवात केली. नुसती 'चाचणी' एवढ्या शब्दाची. एक लगेच आलं. दुसरं जेवणाच्या सुट्टीनंतर आलं. दोन्हींत फरक काहीच नव्हता, आणि हेच मला छळत होतं. लाइन खराब असती तर दोन्ही रखडली असती.

प्रत्येक ईमेलच्या डोक्यावर, एरवी आपल्याला दिसत नाहीत असे शिक्के असतात. पत्र कुठल्या मशीनवर किती वाजता पोचलं, तिथून किती वाजता निघालं. पोस्टाच्या पाकिटावर गावोगावचे ठसे असायचे तसेच. मी रखडलेल्या पत्रांचे शिक्के छापून काढले आणि खालून वर वाचले. पुण्यापर्यंत पत्र झपाट्याने आलेलं. बारामतीच्या पेटीत उतरलेलं. आणि पेटीतून पेटीतच, गाळणीच्या अलीकडून पलीकडे जायला, अर्धा दिवस. म्हणजे चोर घरातलाच.

"गाळणी बंद करा," मी सरांना म्हटलं, "निदान तात्यांचं पत्र येईपर्यंत."

"आणि वकीलसाहेबांचं परत काही झालं तर? मी घराबाहेर पडू शकणार नाही."

तेही खरं होतं. मी गाळणी चालू ठेवली आणि तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले. गाळणी ज्या जागी पत्रं उलगडायची ती जागा मला पडद्यावर पाहता यायची. पाहता पाहता लक्षात आलं की एकच पत्र पुन्हा पुन्हा समोर येतंय. गाळणी ते घ्यायची, उलगडत बसायची, तिला दिलेली वेळ संपायची, मग काम अर्धवट टाकून ती पत्र परत रांगेत ठेवायची. मध्ये चार-दोन पत्रं निसटायची. पुन्हा त्याचीच पाळी, पुन्हा पहिल्यापासून. शिधापत्रिकेच्या खिडकीशी एखादा माणूस पिशवीतले कागद एकेक काढत बसतो आणि मागे रांग वाढत जाते, अगदी तसं. पत्र ज्याच्या नावाने आलं होतं ते खातं इंदापूरच्या काउंटरचं होतं.

ते पत्र उचलून मी बाजूला काढून ठेवलं. रांग घळाघळा मोकळी झाली. द्राक्षवाल्यांचे फोन बंद झाले. सर खाली जाऊन भजी घेऊन आले. माझ्यापुरतं मात्र काम निम्मंच झालं होतं, कारण वर पाठवणाऱ्याचं नाव तात्यांच्या थोरल्याचं होतं, म्हणजे बाजूला काढलेलं पत्र तात्यांचंच, आणि बाजार दुसऱ्या दिवशी होता.

ते इतकं जड का, हे बाहेरूनच दिसत होतं. पत्राला एक दाबून लहान केलेला गठ्ठा जोडला होता. त्या गठ्ठ्यात एक पत्र, मराठी अक्षरं दिसावीत म्हणून घातलेली फॉन्टची फाइल, एखादा फोटो आणि आणखी एक गठ्ठा. त्या गठ्ठ्यात पुन्हा पत्र, तोच फॉन्ट, फोटो आणि गठ्ठा. कांदा सोलावा तसं. आमची बिचारी गाळणी प्रत्येक पापुद्रा तपासत होती आणि प्रत्येक पापुद्र्यात तोच फॉन्ट नव्याने तपासत होती.

मी भाऊसाहेबांना फोन लावला. "भाऊसाहेब, पत्राला मागचं सगळं कोण जोडतं?"

"कोण म्हणजे? मी. आणि तिकडं बी सगळ्यांना ताकीद दिलीय, उत्तर देताना मागील पत्रव्यवहार सोबत जोडावा."

"पण का?"

मी 'जेवताना हात का धुता' असं विचारल्यासारखा त्यांचा सूर लागला.

"मॅडम, संदर्भ न्हाय तर उत्तर कशाचं? उद्या साहेब बदलला, नवीन साहेब म्हणाला हे काय प्रकरण हाय, तर काय दाखवायचं? कचेरीत आमी अख्खा रुमाल पुढं ठेवायचो."

रुमाल म्हणजे कचेरीतल्या जुन्या कागदांचा लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा. भाऊसाहेबांनी उभ्या आयुष्यात एकही कागद सुटा पुढं पाठवला नव्हता. त्यामुळे इंदापूर तालुक्यातली जी मुलं आखातात वायरिंग करत होती, सळया बांधत होती, तीही त्यांच्या धाकाने आईला चार ओळी लिहिताना मागचं सगळं प्रकरण रुमालात बांधून पाठवत होती. प्रत्येक फेरीला रुमाल जाड होत होता. तात्यांच्या घरचा सगळ्यांत जाड, कारण थोरला पत्र लिहिण्यात नियमित होता. गाळणी येईपर्यंत हे कुणाला कळलंही नव्हतं. उघडून बघणारं मध्ये कुणी नव्हतं.

"हाताने उघडावं लागेल," मी म्हटलं. "एकेक पापुद्रा तपासून. पण ते घरचं पत्र आहे. तात्यांना विचारा."

तात्या बाकड्यावरच होते. त्यांचा आवाज पुन्हा लांबून आला. "उघड की. पर माज्याआधी वाचू नगंस."

मी वाचलं नाही. दुसऱ्या मशीनवर एकेक गठ्ठा सोडला, प्रत्येक फाइल तपासली, आणि वरचं पत्र तेवढं फ्लॉपीवर घेतलं. डोळ्यांसमोरून नको म्हटलं तरी फोटो गेले. धाकट्याचं लग्न, नवी मोटर, भिंतीला टेकून उभा असलेला एक मेंढा, त्याच्या शिंगांना गोंडे. फोटो मात्र मी पाहिले, कारण तात्यांनी 'वाचू नकोस' एवढंच सांगितलं होतं.

पाठवायला गेले तर इंदापूरची लाइन बंद. या वेळी खरोखरच बंद, एक्स्चेंजवाल्याने शपथसुद्धा घेतली नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने निघाले. पर्समध्ये फ्लॉपी, तिच्यावर रुमाल, रुमालावर डबा. सरांना सांगितलं की भाऊसाहेबांना नवीन पद्धतही शिकवून येते, एका फेरीत दोन कामं. गाडी बाजारामुळे भरलेली. शेळगावला एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन चढली आणि ती पाटी सरळ माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "धर ग बाई, सुटं काडते." इंदापूर येईपर्यंत पाटी माझ्याकडेच होती. त्या कोंबड्यांनी फ्लॉपीवर काही उपद्रव करू नये एवढीच माझी प्रार्थना होती.

काउंटरवर तात्या उभे होते, बसायला त्यांचं मन नव्हतं. धाकटा मोटरसायकलला टेकून. त्याने मला पाहिलं आणि म्हणाला, "ताई, ट्रक बाजारात लागलाय. यापारी च्या प्यायला थांबलाय. च्या संपल्यावर तो काय थांबत न्हाय."

"तुला लई कळवळा त्याचा," तात्या म्हणाले. "जा, आजून एक च्या पाज."

भाऊसाहेबांनी फ्लॉपी घेतली, पुसली, आत सारली. प्रिंटर कुरकुरला. कागद निघाला. त्यांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि कचेरीत हुकूम वाचावा तसं वाचायला लागले. तात्यांनी हात वर केला.

"हळू. सगळ्या स्टँडला न्हाय ऐकवायचं."

भाऊसाहेब हळू वाचू लागले. मी फळीच्या दुसऱ्या बाजूला होते, मला ऐकू आलंच. थोरल्याने लिहिलं होतं की मी आणखी दोन वर्षं येत नाही, करार वाढवला आहे. धाकट्याने मेंढरांमागं चालावं असं मी म्हणू शकत नाही, कारण मीही चाललो नाही. ऊस लावू दे त्याला. इथपर्यंत धाकट्याची मान ताठ झाली. तात्या खाली बघत होते.

पुढं होतं: 'पण व्यापाऱ्याला देऊ नका. आत्याच्या वाड्यात माणसं आहेत, मेंढरं थोडी राहिली आहेत. आपली त्यांच्यात मिसळा. ती चालत राहतील. तुम्हाला वाटेल तेव्हा वाड्यावर जाऊन राहा. आत्याला मी वेगळं लिहीत नाही, तुम्ही सांगा, तुमच्या शब्दाबाहेर ती नाही.'

वाडा म्हणजे मेंढरं घेऊन गावोगाव फिरणाऱ्या मेंढपाळांचा तळ, आणि आत्या म्हणजे तात्यांची बहीण. झेरॉक्स मशीनचा उजेड एकदा इकडून तिकडे गेला.

"पुन्यांदा वाचा," तात्या म्हणाले. "आत्याच्या वाड्यापासनं."

भाऊसाहेबांनी पुन्हा वाचलं. तात्यांनी कागद मागून घेतला, चार घड्या करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. मग धाकट्याकडे वळले. "जा, त्याला सांग, ट्रक रिकामा ने. च्याचं मी देतो."

"आन् ऊस?" धाकट्याने विचारलं.

"लाव की. कोन न्हाय म्हणतंय? कागदात लिवलंय ना, लावू दे म्हणून. मी कागदाबाहेर जात न्हाय."

धाकटा हसला. मला वाटतं, त्यालाही बरं वाटलं. तो मोटरसायकल ढकलत गेला तेव्हा शीळ घालत होता. तात्या अखेर बाकड्यावर बसले आणि बराच वेळ खिशावर हात ठेवून बसून राहिले. मेंढरं जाणार होतीच, फक्त ट्रकमधून नाही, पायांनी. तेवढा फरक त्यांना पुरेसा होता की नाही ते मी विचारलं नाही.

मग मी दुसरं काम काढलं. भाऊसाहेबांना गठ्ठ्याची भानगड समजावली. ते ऐकत होते, मान हलवत होते आणि एक अक्षर पटल्याचं दाखवत नव्हते.

"म्हणजे रुमाल बंद?"

"रुमाल इंदापुरात ठेवा. तुमच्याच कॉम्प्युटरवर. पत्राच्या डोक्यावर फक्त संदर्भ द्या, 'आपले अमुक तारखेचे पत्र'. जोडू काही नका."

त्यांनी विचार केला. "जावक क्रमांक टाकला तर चालंल?"

"टाका."

"मग ठीक हाय, पोरी," ते म्हणाले. मॅडमची पोरी झाले, म्हणजे प्रकरण मिटलं.

काही दिवसांनी तात्यांचं उत्तर गेलं. ते निघायच्या आधी भाऊसाहेबांनी मला फोन केला, आवाजात हसू दाबलेलं. "तात्या आल्यात. मेंढरं काल वाड्यात मिसळली. शेवटची लोकर कातरली त्यातली मूठभर घिऊन आल्यात, म्हणत्यात पोराच्या पत्राला जोडा. म्हणलं तात्या, ह्यात लोकर जात न्हाय. तर म्हणत्यात, फोटू जातोय आन् लोकर का न्हाय?"

"मग काय केलंत?"

"फायलीला टाचली. दाखल करून घेतली."

मी पेटीसमोर बसून ते पत्र येताना पाहिलं. वर जावक क्रमांक. त्याखाली 'संदर्भ : आपले मागील पत्र'. मग मेंढरांबद्दल चार ओळी, पाऊसपाण्याबद्दल एक. आणि अगदी शेवटी, कचेरीत जोडलेल्या कागदांची नोंद जिथे करतात तिथे, भाऊसाहेबांनी स्वच्छ टाइप केलं होतं: 'सोबत : निरंक'.

गाळणीने ते उघडलं, काही नाही असं पाहिलं आणि सोडून दिलं. मला खुर्ची सरकवायलाही वेळ मिळाला नाही.

आता माझ्या फोनवर पत्रं कधी गाळली जातात ते कळतही नाही. ती पेटी भंगारात गेली, ते काउंटर गेलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तरी एखादा मेल उशिरा आला की मी अजून त्याचे शिक्के उघडते आणि खालून वर वाचते. कुठं अडकला होता, कुणाच्या दारात, किती वेळ. मुलं हसतात. त्यांना मी एवढंच सांगते की पत्र अडकलं की आधी आपल्याच घरात शोधावं.